बटणांचं बारसं

दर गुरुवारी साडेनऊला फोन वाजायचा.
"हेल्दुर बोलतोय. शनिवारची सकाळची फेरी.
एक माणूस. गाडी नाही, कुत्रा नाही."
तिकीट आता घरबसल्या काढता येतं,
असं मी त्याला अकरा वर्षं सांगत आले,
तिकीट फाडतानाच्या सवयीनं.

मग डिसेंबरात एकदा तो म्हणाला,
"वाइके, ये घरी. ऐकून जा."

चारलाच अंधारलं होतं.
त्यानं दिवा लावला. "तुझ्यासाठी," म्हणाला.
टेबलावर राईचा पाव, धुरावलेला मासा,
आणि एक जुना संगणक, पडदा बंद ठेवलेला.
आयुष्यभर बोटींची इंजिनं कानानं दुरुस्त केलेला माणूस
खुर्ची पुढे ओढून बसला.
यंत्र बोलू लागलं:

बटण. बटण. बटण.
चित्र.
दुवा. दुवा. बटण.

"यातलं शनिवारचं कुठलं?" त्यानं विचारलं.
मला सांगता येईना.
आसनं आली. हिरवी रिकामी, लाल भरलेली,
त्याच्या कानात मात्र सगळी नुसतीच आसनं.
तो एकेक चाचपत सतराव्यापर्यंत पोचला, आणि:
वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.

कधी कधी, म्हणाला, शेवटपर्यंत जातो मी.
मग ते मला माणूस असल्याचं सिद्ध करायला सांगतं.
सिग्नल असलेले चौकोन निवडा.
आमच्या बेटावर एकही सिग्नल नाही.
"आजकाल कसे दिसतात गं सिग्नल?"
तो खरंच विचारत होता.

मुख्य कचेरीतला रास्मुस म्हणाला,
"एवढं सगळं एका माणसासाठी?"
मी म्हटलं, जानेवारीत बोटही सुटते
कधी कधी एका माणसासाठी.
तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला
आणि त्यानं मला फाइली उघडून दिल्या.

पडद्यावर लोकरीची शाल टाकून
मी कळफलकावर चालायला शिकले.
पहिल्या दिवशी मुखपृष्ठावरच हरवले,
बावीस दुव्यांच्या गल्लीत, परतीची खूण नसलेली.
मग बसले एकेक बटण मांडीवर घेऊन,
बारशाला बसावं तशी.
तुझं नाव: फेरी निवडा.
तुझं: मागे जा.
तुझं, धाकट्या: कुत्रा सोबत आहे.
किती वर्षं बिननावाची वावरत होती बिचारी
आणि आम्हाला वाटायचं, दिसतायत ना, झालं.

चित्रापाशी मी लिहिलं: जहाज.
त्याचा फोन आला.
"जहाज मला इथून ऐकू येतं. काय दिसतं ते लिही."

तो फोटो रोज समोर असायचा.
त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.
बोट धक्क्याला लागलेली. उतार खाली टेकलेला, ओला.
एक बाई सायकल धरून उभी आहे,
चढणारी नव्हे, कुणाला तरी सोडायला आलेली.
आभाळ बर्फ पडण्याआधीचं.
रास्मुस म्हणाला, शेवटची ओळ काढ,
ते वर्णन नाही, तुझं मत आहे.
मी काढली नाही.
आसनांचा नकाशा अजून अडखळतो.
मार्चपर्यंत होईल म्हणतात.

काल गुरुवार.
साडेनऊ झाले. पावणेदहा.
मी कॉफी ओतून घेतली, ती गार झाली.
यादीत सगळ्यात वर एक नोंद होती,
सकाळी सात वाजून दोन मिनिटांची:
शनिवार, पहिली फेरी. एक माणूस.
गाडी नाही. कुत्रा नाही.

हेच तर हवं होतं.

तरी मी रिसीव्हर उचलून कानाला लावला.
फोन चालू होता.