उंची दोन मीटर साठ

डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं लावलेला कागद,
क्लाइव्हच्या गिचमिड अक्षरात:
उंची दोन मीटर साठ.
माझी नव्हे, व्हॅनची.
पण आठ वर्षांत मलाही खोड लागलीय
कुठल्याही दारातून मान घालून जायची.

व्हिटबीच्या पार्किंगच्या तोंडाशी आडवी दांडी,
दोन मीटर दहा.
मोटारी तिच्याखालून निमूट सरकतात
आणि मी, मागं सात-आठ जणांना तिष्ठत ठेवून,
रिव्हर्स घेतो.
मागं काच नाही. आहेत ते दोन आरसे,
त्यातल्या डाव्यावर समुद्रपक्ष्यानं
सकाळीच शेरा मारून ठेवलेला.
गाडी कोकलते, बीप बीप बीप,
या हो या, बघा, याला जमत नाहीये.

आत चादरी. कायम चादरी.
जाताना घडीच्या, येताना गाठोड्यात:
एकवीस गेस्टहाउसांचे मधुचंद्र, खोकले,
सांडलेला चहा, पायांना लागून आलेली वाळू.
आमचा आजा हेच करायचा,
नदीवर, गाढव हाकत.
गाढव अडलं की अडलं, म्हणायचा,
पण त्याला कुणी उंची विचारत नाही.

तरी खोटं कशाला बोलू?
सकाळी सहाला मोअर चढताना
या सीटसारखं आसन नाही.
मोटारवाल्यांना कुंपण दिसतं,
मला कुंपणापलीकडचा माणूस दिसतो,
पायजम्यावर, कोंबड्यांशी भांडणारा.
डांबराची ऊब घेत रस्त्यातच बसलेल्या मेंढ्या
हॉर्न दिला तर अशा बघतात
जणू भाडं मीच थकवलंय.
समोरून दुसरी पांढरी व्हॅन आली
की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. एकच.
ओळख ना पाळख,
पण इतका चोख रामराम
या देशात मला दुसऱ्या कुणी घातला नाही.
मग स्लाइट्सचा उतार, दुसरा गिअर,
पोटात गोळा,
आणि कडेला, ब्रेक गेलेल्यांसाठी, खडीची वाट.
तिला रोज सांगतो: बाई, आज नको.

डोकं फिरतं ते एकाच वाक्यानं:
तुझ्याकडं व्हॅन आहे, ना?
फक्त एक कपाट, म्हणतात,
आणि कपाटामागून त्याचं खानदान निघतं.
एकदा तर आख्खा घटस्फोट हलवला, दोन फेऱ्यांत.
कुत्रा कुणाकडं ते ठरेना,
म्हणून तो दीड तास माझ्याशेजारी,
पट्टा लावून, सरळ पुढं बघत बसला होता.

मागच्या मंगळवारी ग्वेन आउथवेट.
वेस्ट क्लिफ, सहा खोल्या, शिडीसारखा जिना,
दर आठवड्याला बारा जोड.
म्हणाली, आता एकच. सिंगल.
पाट्या उतरवल्या मी.
आणि मग तेच: तुझ्याकडं व्हॅन आहे, ना?

तिचा स्वतःचा डबल बेड भंगारात न्यायचा होता.
रॉयची बाजू मळत नाही, म्हणाली,
तरी दर आठवड्याला धुवायला देत होते.
मला ठाऊक होतं.
तीन वर्षं अर्धी चादर कोरी यायची.
परटाला कळतं सगळं, परीट बोलत नाही.
मी फक्त गादीचं एक टोक धरलं
आणि म्हणालो, जिन्यात जपून.

भंगाराच्या फाटकाशी पुन्हा दांडी. दोन मीटर.
नारिंगी जाकिटातला पोरगा म्हणाला,
व्हॅनला परवाना लागतो, दहा दिवसांनी मिळेल.
त्याच्या आईवरून काहीतरी तोंडात आलं होतं,
मराठीत. गिळलं.

तेव्हापासून गादी मागंच आहे.
दुपारी मोअरवर गाडी लावतो,
डबा खातो, अडकणाऱ्या दाराला लाथ घालतो
आणि पंधरा मिनिटं आडवा होतो.
मोकळी, ऐसपैस गादी,
विचारणारं कुणी नाही.
तरी बघतो तर
कडेलाच.