चौथी कमान, पूर्वेची बाजू

किल्ली वीतभर लांब,
कुलूप तिच्याहून दोनशे वर्षांनी तरुण.
एनिड हॉल्डस्वर्थ ती एप्रनच्या खिशात ठेवते,
पावाच्या चुऱ्यात.
"खांद्यानं ढकला," ती सांगते,
"या दाराला सभ्यपणा कळत नाही."

आत आठ पावलं लांबी, पाच रुंदी.
फरशीच्या एका फटीतून नदी दिसते.
दिसते म्हणजे
काहीतरी काळं सरकताना दिसतं.

हे बांधलं हॉविसनं, लोकरीच्या व्यापाऱ्याच्या विधवेनं.
पूल नव्हता तेव्हा लोक उतारानं नदी पार करत.
एका नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याचा घोडा पैलतीरी पोचला,
एकटाच. खोगीर ओलं, एक रिकीब तुटलेली.
तिनं गोदामातली सगळी लोकर विकली
आणि गवंड्याला म्हणाली:
मधल्या खांबावर एक खोली ठेव,
तिथं कुणीतरी बसावं
आणि पाण्याला माणसांची नावं ऐकवावीत.
नावं ठेवायची नाहीत पाण्याला.
नुसती ऐकवायची.

थर्स्टन गवंड्याची दोन बोटं त्या पायात गेली.
पुढं दारूच्या गुत्त्यात तो सांगत असे,
तीच अजून खांब धरून आहेत.

पहिला पाद्री ऑस्मंड. पगार वर्षाला पाच मार्क,
मेणबत्त्या, आणि शुक्रवारी नदीतले वाम मासे.
दाराशी दगडी कोनाडा, त्यात जाणारे-येणारे पेनी टाकत,
आणि ऑस्मंड प्रत्येक पेनी वहीत लिहून ठेवी,
कारण त्याचा धर्मावर विश्वास होता
आणि स्मरणशक्तीवर नव्हता.

मग ते मोठ्या मरीचं वर्ष.
नावं इतकी झाली
की सकाळची प्रार्थना संध्याकाळपर्यंत सरेना.
ऑगस्टनंतर पुन्हा लवकर सरू लागली.
नावं सांगायला येणारेच उरले नव्हते.

दोनशे वर्षांनी राजाच्या माणसांनी ठरवलं
की मेलेल्यांना आपल्या प्रार्थनेचा काही उपयोग नाही.
त्यांनी घंटा तोलली. यादी केली:
चांदीचा पेला एक, शमादान दोन,
वेदीवरचं वस्त्र एक, कसर लागलेलं.
भिंतीही पाडायच्या होत्या, दगडाला भाव होता.
तेव्हा पुलाचा राखणदार ॲम्ब्रोज टोपी हातात घेऊन म्हणाला,
हे वजन काढलंत, साहेब, तर खांब हलेल,
आणि परत जाताना तुम्हाला इथूनच जायचंय.

खरं होतं की थाप,
इंजिनियरांचं अजून एकमत नाही.

देव गेला, वजन राहिलं.
त्यानंतर इथं जे जे झालं ते एनिड बोटांवर मोजते:
धान्याची कोठी, चीजचं दुकान,
दर मंगळवारी एक दात उपटणारा,
आणि बरीच वर्षं कोठडी.
खिडकीखाली केझियानं नखानं ओढलेल्या नऊ रेघा आहेत.
तीन वार रिबीन चोरल्याबद्दल नऊ रात्री.
दहाव्या सकाळी तिला सोडलं, की कुठं नेलं,
भिंतीला माहीत नाही.

आता खालच्या अंगाला नवा पूल आहे, काँक्रीटचा.
लॉऱ्या तिकडून जातात आणि इथली काच थरथरते.
इथून जातात कुत्री फिरवणारे,
शाळा चुकवणारी दोन मुलं,
आणि पूर आला की बदकं, कठड्यावरून चालत.

ऑस्मंडची वही काचेखाली एका पानावर उघडी आहे.
लॅटिन एनिडला येत नाही,
पण ही एक ओळ तिला पाठ आहे:
*एक पेनी. पायी, उत्तरेकडे.
नाव सांगितलं नाही.
म्हणाला, दुसरी परत येताना देईन.*

त्याखाली दुसऱ्या कुणाची तरी नोंद.
मग तिसऱ्याची.

एनिड पाचला बंद करते, हिवाळ्यात चारला.
खांद्यानं दार ओढते, दोनदा किल्ली फिरवते.
त्याआधी उत्तरेकडे एक नजर टाकते,
भाडेकरूची वाट बघणाऱ्या घरमालकिणीसारखी,
जराशी वैतागून.