पंचवीस वाजता

मध्यरात्रीनंतरची बस कालची की आजची?
तार्तूत, खिडकीच्या कडेला बर्फ साचत असताना,
युल्ले एकशे चाळिसावी ओळ उघडते.
मोन्तेविदेओहून ब्राउलिओ लिहितो : कालचीच.
ड्रायव्हर कुठे झोपलाय अजून?

अकरा दिवस वाद. तिघांचा नकार,
एकाचं नुसतंच 'बघू'.
शेवटी 'शक्यतो' लाल होऊन गळतो,
त्याच्या जागी हिरवा 'अवश्य'.
एवढंच. एक शब्द.
उद्यापासून चाळीस शहरांची वेळापत्रकं त्याला मानतील.

खोडलेलं मात्र जात नाही कुठे.
समासात अजून हेल्दुरचं नाव,
सात वर्षांपूर्वीची त्याची चूक, तारखेसकट.
हेल्दुर आता नाही.
ती चूक पुसता येत नाही, याचं
युल्लेला आज बरं वाटतं.

दिवा मालवून ती थांब्यावर येते.
पंचवीस वाजून दहा मिनिटं.
बस येते. कालची.