घोडी

शैलाताई डुबल रिक्षातून उतरल्या,
खांद्याला लांबट खोळ, हातात फायलीत जपलेला परवाना,
आणि डोळ्यात नुकतेच टाकलेले थेंब.
"माशी दिसत नाही हो आता."
माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा हस्तिदंत.
"एकाच्या दोन होतात. क्लबात कागदावर मारते मी, कागदच.
दुर्बीण बसवा.
पण आजोबांच्या रायफलीला भोक नको."

मी खोळ उघडली.
एकोणीसशे अकराचं काम. नळीवर निळाई,
फक्त जिथं डावा हात धरायचा
तिथं ती पुसून राखेच्या रंगावर आलेली.
पाठीवर तीन पानं: शंभर, दोनशे, तीनशे यार्ड.
तिसरं कधी उघडलंच नसावं,
बिजागरीत अजून कारखान्याचं तेल वाळलेलं.

मिरजेत कुणीही अर्ध्या तासात चार भोकं पाडून देईल.
चार आटे, चार स्क्रू, चहा व्हायच्या आत.
पण लोखंडाला खपली धरत नाही, ताई,
बुजवलेलं भोक जन्मभर
बुजवलेलंच दिसतं.

वहीत नंबर चढवला. तीन रात्री झोप नाही.
चौथ्या दिवशी मागच्या गल्लीत गेलो, अमीरहमजाकडे.
आमचे पणजे एकच, तलवारींना धार लावणारे.
पुढं त्याच्या घरानं भोपळे धरले,
आमच्यानं लोखंड सोडवलं नाही.
तो तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला,
कानस इतकी हळू की जणू कुणी झोपलंय.
मी विचारलं, ही घोडी चिकटवतोस कशानं?
हसला. चारही तारा सैल केल्या,
घोडी दोन बोटांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.
"कशानंच नाही. ताराच धरतात तिला.
दाब काढला की पाहुणी."

चहा तसाच ठेवून आलो.

पानं काढली तांब्याच्या हातोडीनं,
डावीकडून उजवीकडं, दर ठोक्याला केसभर,
आणि तपकिरीच्या डबीत निजवली तेलाच्या फडक्यात.
त्याच रिकाम्या खाचेत सरकेल
अशी पोलादाची घोडी घासली, आठ दिवस.
आठव्या दिवशी ती बसली,
म्हणजे आवाज झाला नाही.
खाली बकऱ्याच्या कातड्याची पट्टी, विडीच्या पानाइतकी पातळ.
तंबोऱ्यात तारेखाली सूत सारतात, त्याला जीव म्हणतात.
मीही जीवच म्हटलं.

दुर्बीण मात्र काळी, चकचकीत,
म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसलेल्या शाळकरी पोरासारखी.
पॉलिश मारून जुनी करावी म्हटलं.
नको. ती तिची मूळची चकाकी.

ताई आल्या तेव्हा बोल्ट काढून टेबलावर ठेवला होता.
आधी मोकळ्या नळीतून पाहायचं, आरपार,
दूर पाण्याच्या टाकीवरचा आकडा मधोमध आणायचा,
मग वर दुर्बिणीतून तोच.
त्यांनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"टाकी धुतल्याची तारीख लिहिलीय. अकरा मार्च."
आणि थोड्या वेळानं,
"धुतलेली दिसत नाही."

रुपयाच्या नाण्यानं दोन स्क्रू फिरवून दाखवले.
त्यांनी स्वतः तीनदा काढली, तीनदा बसवली,
दर वेळी खालची निळाई चष्मा लावून तपासली.
काही नाही. ओरखडासुद्धा नाही.

मग मीच दस्त्यावर बोट ठेवलं.
अकरा चिरा चाकूच्या, सारख्या अंतरावर,
बारावी सुरू करून अर्ध्यात सोडलेली.
"लाखेनं भरून देऊ? कळणार नाही."
"राहू द्या," म्हणाल्या.
"तिथं आजोबांनी चाकू मिटला.
का, ते घरात कुणी विचारलं नाही."

मी खोळीची नाडी बांधली.
तपकिरीची डबी त्यांनी वेगळी, पर्समध्ये ठेवली.
रिक्षावाला कधीचा हॉर्न वाजवत होता.