लाभ

आमचे बाबा मापाडी, उदगीरच्या मोंढ्यात.
तुरीचं पहिलं माप पडलं की 'एक' म्हणायचे नाहीत.
'लाभ' म्हणायचे.
लाभ, मग दोन, मग तीन.
मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही,
शक्यतो शिंकायचंही नाही.

शिवलीला थप्पीवर बसून ऐकायची.
मी खाली, सांडलेली तूर वेचत.

आता ती ताऱ्यांचे ठोके मोजते.
मेलेल्या, म्हणाली. विझून आकसलेल्या,
एखाद्या तालुक्याएवढ्या उरलेल्या,
आणि तरी सेकंदाला कितीदा तरी गरगरणाऱ्या.
ते ठोके लावणारा एक प्रोग्राम आहे.
तिनं एकटीनं लिहिलेला नाही, हे ती दर वेळी सांगते,
कोण कुठली सतरा-अठरा माणसं,
एकमेकांना कधी न भेटलेली.
पृथ्वी हलते, ते हलणं वजा करायचं.
दुर्बिणीचं घड्याळ चुकतं, तेही वजा.
म्हणजे बारदानाचं वजन, मी म्हटलं.
हो, बारदानाचं वजन.

आईनं विचारलं, किती मिळतात त्याचे?
त्याचे काही नाही. पगार शिकवण्याचा.
हा कुणीही न्यावा, उघडून बघावा,
चुकलं असेल तर सांगावं.
आई जरा वेळ गप्प. मग,
आणि सगळाच नेला कुणी तर?
नेला तरी जागेवरच राहतो, आई.

दिवाळीला आली होती. गच्चीवर आम्ही दोघं,
लाईट गेलेली, दालमिल बंद पडून एकदम शांत,
लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्के.
तेव्हा तिला ती चूक सापडली.
प्रोग्राम एका जागी शून्यापासून मोजत होता,
दुसऱ्या जागी एकापासून.
एका ठोक्याची तफावत. नऊ वर्षं.
लोकांनी त्यावर पेपर छापलेले,
तिनंही एक.

गुपचूप दुरुस्त कर ना, मी म्हटलं, कोण बघतंय.

ती काहीच बोलली नाही.
मलाच बाबा आठवले, एका अडत्यासमोर उभे,
'माप उघड्यावर घ्यायचं असतं, शेठ.
खोलीत घेतलं ते माप नव्हे.'
त्या अडत्यानं पुढं सहा महिने
बाबांना कामाला बोलावलं नव्हतं.

चार टक्के.
माझ्या मोबाईलचं नेट घेऊन
तिनं आधी लिहिलं की माझा पेपर चुकलाय,
मग दुरुस्ती चढवली.
एक ओळ. मी वाकून बघितली.
पहिल्या ठोक्याला तिनं नाव दिलं होतं,
रोमन लिपीत, चार अक्षरं:
लाभ.

महिन्याभरानं मोंढ्यात फोन आला.
कुठल्या तरी दूरच्या देशातला एक पोरगा विचारतोय,
ही टायपिंगची चूक आहे का?
बाबा असं का म्हणायचे रे?

मला कुठं माहीत.
आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे,
मी लाल आकडे वाचतो आणि पावतीवर उतरवतो.
चाँदपाशा हमालाला विचारलं. त्यानं विडी विझवली.
'पहिल्याला मोजत नसतात,' म्हणाला,
'आधी ये म्हणायचं असतं.'
मग म्हणाला, 'असंल बाबा. मला काय की.'

मी जसंच्या तसं कळवलं.
तिनं ते त्या ओळीच्या वर नोंदवलंय,
जगात कुणालाही वाचता येईल असं,
आणि खाली:
माहिती चाँदपाशा हमाल, मोंढा, उदगीर.
खात्री नाही.