कोबा

बिराजदार सरांनी चष्मा पुसला, वाकले,
आणि उदगीरच्या त्या भर दुपारी
डागाची लांबी विटेनं मोजली.
दोन विटा, वर चार बोटं.
"घर रिकामं करा, हरकत नाही. पण कोबा
दिलता तसा द्या. डिपॉझिट तवाच."

आठ वर्षं माझा छोटा हत्ती तिथंच निजायचा,
दाळमिलच्या खेपा करून, तोंड गेटाकडं.
रात्री थेंब पडायचा.
झोपेत ऐकू यायचा नाही,
म्हणून तो पडतच नाही, असं मी मथुराला सांगायचो.

गल्लीत सल्ल्याला तोटा नाही.
हलीमाचाची म्हणाली, राख.
वरच्या खोलीतला पॉलिटेक्निकचा पोरगा म्हणाला, अ‍ॅसिड.
गॅरेजवाला अय्युब हसला:
"पाण्यानं नाही जात तेल, उस्ताद.
त्याला पिणारं कुणीतरी लागतं."

मग मिलमधून आणली तुरीची चुनी, अर्धं पोतं.
डागावर पसरली, वर पाटा पालथा घातला,
अन् रात्रभर राखण बसलो,
कारण शेजारची शेळी
वासावर तीनदा गेटाशी येऊन गेली.
तिला काय माहीत आतलं इंजिन ऑईल.
तिसऱ्यांदा मी तिला खरंच समजावून सांगितलं.

सकाळी चुनी काळी, ओलसर, जड.
डाग मात्र हाय तसा,
फक्त थोडा दमल्यासारखा.

नळ आठव्या दिवशी, म्हणजे परवा.
मथुरानं धुण्याचं पाणी बादलीत धरलेलं होतं,
निळसर, फेसाचं, माझ्या बनियनच्या वासाचं.
तेच ओतलं. मूठभर सोडा.
तारेचा ब्रश, गुडघ्याखाली बारदान.
घासलं, घासलं,
आणि आठ वर्षं उभ्यानं पाहिलेली जमीन
पहिल्यांदा इतक्या जवळून दिसली:
कोपऱ्यात मांजराचं पाऊल, कोबा ओला असतानाचं,
अन् गवंड्याच्या थापीची अर्धीच रेघ,
जणू त्याला मधूनच कुणी जेवायला हाक मारली होती.

तिसऱ्या दिवशी चुना अन् थिनर, दह्यासारखा लेप,
वर युरियाचं रिकामं पोतं, कडेनं विटा.
मथुरा म्हणाली, "माझा पाय मुरगळला तवा
एवढा लेप कुणी लावला नव्हता."
मी काही बोललो नाही. ब्रश धुतला.

लेप वाळला, तडकला, खरवडला.
डाग गेला.
खरंच गेला, पण गेला तिथं
दोन विटा चार बोटं कोबा
असा उजळला, की बाकीचं अंगण
मळकं, पिवळट, बिनआंघोळीचं दिसू लागलं.

सर आले. पुन्हा चष्मा. पुन्हा वाकले.
"आता हे ठिगळ दिसालंय," म्हणाले.
"मग सगळाच घासू का?"
ब्रश अजून माझ्या हातातच होता.
सरांची नजर ठिगळावरून सरकत सरकत
जिन्याखाली गेली, त्यांच्या स्कूटरकडं,
अन् स्कूटरखाली
रुपयाएवढं, काळं, चकचकीत.
बराच वेळ कुणीच काही म्हणालं नाही.
वरच्या पोराच्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.

डिपॉझिटातले तीनशे कापले, रंगाचे म्हणून.
बाकीच्या नोटा थुंकी लावून मोजून दिल्या,
गेटापर्यंत सोडायला आले,
आणि तिथं, हळूच:
"ती चुनी… उरली का थोडी?"

नव्या घरापुढं नुसता मुरूम.
तरी मथुरानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून
ट्रे केलाय. रोज रात्री, मला न सांगता,
इंजिनखाली सरकवते.
सकाळी ती चहा ठेवते तेवढ्यात
मी वाकून थेंब मोजतो.
आज अकरा.