दोनावर आवाज

रिमोटवरचं ते बटण माझ्या अंगठ्याला पाठ आहे.
सामना लागला की आधी त्या माणसाला गप्प करायचं.
तो सांगतो, चेंडू डावीकडे गेला.
गेला ना, दिसलं मला.
तो सांगतो, ही मुलगी सिमडेग्याची, हिचे वडील…
अरे, तिच्या काठीवरून चेंडू सुटला तिकडे,
वडील कशाला आणतोस मैदानात!

आम्ही कंपूला खेळायचो तेव्हा
वर किल्ला बसलेला असायचा, एक अक्षर न बोलता.
मला आवडलेला प्रेक्षक तेवढाच.

मी गोलात.
भावाचे क्रिकेटचे पॅड, सुतळीनं आवळलेले,
मुरमावर घसरलं की कोपराचं साल जायचं.
रईस मास्तर म्हणायचे, लघाटे,
तुझे पाय जडच आहेत, तोंड तरी चालव.
ते मी चालवलं.
दहाजणींना आपल्या पाठीमागचं दिसत नाही,
गोलातलीला सगळ्यांच्या पाठी दिसतात.
हमीदा, डावी! प्रमिला, मागे, मागे बघ!
माझा आवाज चेंडूच्या आधी पोचायचा.
ह्या माणसाचा कायम नंतर येतो,
टांगा गेल्यावर उठणाऱ्या धुळीसारखा.

परवा ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
आठ दिवस टीव्ही बघायचा नाही,
म्हणून भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले.
जन्म बँकेत गेला, हॉकीतलं ओ की ठो कळत नाही,
पण म्हणाले, सांग की, काय चाललंय?

मी सांगायला लागले.
उजवीकडची मोकळी आहे, कोणी धरलंच नाहीये तिला.
सात नंबर आता आत घुसणार. अगं, अडव ना, अडव!
हे म्हणाले, कोणाला?
मी म्हटलं, थांबा, कॉर्नर जाणार आता.
ते म्हणाले, होणार काय ते राहू दे गं,
झालं काय तेवढं सांग.

झालं काय?
ते सांगायची मला सवयच नाही.
जे झालं ते जाळीत असायचं, माझ्या मागे.

थोड्या वेळानं हळूच म्हणाले,
लाव ना त्यालाच. बारीक लाव हवं तर.
लावला. दोनावर.
किती सोपं सांगतो मेला!
इतकी मिनिटं उरली, चेंडू ह्यांच्याकडून त्यांच्याकडे,
आणि सिमडेग्याच्या मुलीच्या वडिलांचं सायकलचं दुकान.
हे भिंतीला म्हणाले, वा!

शेवटच्या मिनिटाला गोल झाला. आपल्यावर.
फटका बसायच्या आधीच मला कळलं होतं,
पोरीचा भार चुकीच्या टाचेवर होता,
निघाली ती अर्धं पाऊल उशिरा.
हेल्मेट काढून ती नुसती उभी राहिली,
केस कपाळाला चिकटलेले,
आणि तो माणूस आवाज उतरवून म्हणाला,
"गोलकीपर इसमें कुछ नहीं कर सकती थी."

खोटं.
करू शकली असती.
सत्त्याहत्तर साली जबलपूरच्या मुलींविरुद्ध
तीन मिनिटं उरली असताना
मीसुद्धा करू शकले असते.
परत येताना टांग्यात आम्ही सहाजणी, पुढे मास्तर,
एकीनंही शिवी दिली नाही, एकीनंही हात धरला नाही.
कंपूपासून दौलतगंजापर्यंत
घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकल्या मी.
तेव्हा कुठे होता हा बडबड्या?

हे विचारत होते,
खरंच का गं, काही करता आलं नसतं तिला?
अंगठा बटणावर होता माझा.
पडद्यावर तोच गोल पुन्हा, हळू, दुसऱ्या बाजूनं,
टाच अगदी स्वच्छ दिसत होती.
आणि तो पुन्हा तेच म्हणाला.

मी आवाज चारावर नेला.